उलटा फेरा

डोमाजी वस्तादांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, आणि तेही ओळख व्हायच्या आधी. सत्तर सालानंतरची ती पहिली दोन-चार वर्षं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी कान-नाक-घशाच्या विभागात नवा डॉक्टर होतो, आणि नव्या डॉक्टराला जेवढी घमेंड असायला हवी त्याच्या दुप्पट माझ्यात होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. मिरवणुकीत दोन आखाड्यांची जुंपली होती. लाठ्या चालल्या होत्या, विटा चालल्या होत्या, आणि कॅज्युअल्टीच्या फरशीवर रक्तात भिजलेल्या पावलांचे ठसे उमटले होते. माणसं कमी पडली म्हणून मलाही खाली बोलावलं होतं.

माझ्या वाट्याला आलेल्या पैलवानाचं टाळकं फुटलं होतं. मी टाके घातले, डोळ्यांवर टॉर्च मारला, नाव विचारलं, गाव विचारलं. दोन्ही त्याने बरोबर सांगितलं. मी म्हणालो, "जा घरी." तेवढ्यात मागून माझ्या मनगटावर असा फटका बसला की टॉर्च थेट कापसाच्या बोळ्यांच्या बादलीत जाऊन पडला.

"टॉर्चनं दिवा जळते का विझला, तेवढंच समजते डॉक्टरसाहेब," मागचा माणूस म्हणाला. "तो चालते कसा, ते कोण पाहीन?"

मी वळून पाहिलं. बुटका, साठीच्या आसपासचा, मान जवळजवळ नाहीच. डावा कान चेंगरून त्याची सुकलेल्या अंजिरासारखी गुठळी झालेली. धोतराचा काचा मारलेला आणि सदऱ्यावर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त. मी ओरडणार, एवढ्यात त्याने माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला, डाव्या पंजात त्या पैलवानाची हनुवटी पकडली आणि उजव्या हाताने स्टेथोस्कोपची चकती त्याच्या तोंडासमोर गोल फिरवायला सुरुवात केली. सावकाश, एका लयीत. "मुंडी हालवू नको बे. नुसता डोळ्यानं ये."

एक फेरा, दोन फेरे. मग म्हणाला, "पाहिलं? डोळा अडखळला."

मला काहीच दिसलं नव्हतं. मी म्हणालो, "हो, पाहिलं."

"खोटं बोलता," तो शांतपणे म्हणाला. "आखाड्यात असता तं याले थापड होती."

दोन तासांनी त्या पैलवानाने ओकाऱ्या काढल्या आणि स्वतःचं नाव विसरला. त्याची कवटी उघडावी लागली. तो वाचला, कारण तो घरी गेला नव्हता. तो घरी गेला नव्हता, कारण एक म्हातारा त्याच्या खाटेशी पाय रोवून उभा होता आणि मला त्याला हाकलायची हिंमत झाली नव्हती.

पुढच्या शनिवारी मी त्यांचा पत्ता काढत गेलो. जुन्या वस्तीतल्या एका बोळात पत्र्याच्या छपराखाली लाल मातीचा हौदा, मधोमध लाकडी खांब, कोनाड्यात मारुती. डोमाजी गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. पहिली पाळी करून यायचे आणि दिवस मावळेपर्यंत माणसं आपटायचे. तिथला मार मी पुढं पुष्कळदा पाहिला. लाठी शिकवताना ते पोट्ट्यांच्या नडगीवर खरोखर मारत. बोटं मोडत, नाकाची हाडं बसत, दात मातीत सापडत, आणि डोमाजी म्हणत, "हाड जुडते. रडून काहून राहिला?" नव्या गड्याला ते आधी भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि भाकर खायला घालत, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी आटल्यावरच लाठी हातात देत. स्वतः तो ठेचा लोण्यासारखा खात.

पण डोक्याला लागलं की हा माणूस बदलायचा. खेळ तिथल्या तिथं बंद. ज्याला लागलं त्याला खांबाला पाठ टेकून बसवायचं आणि कोनाड्यातून बनेटी काढायची. बनेटी म्हणजे टोकांना कापडी गोळे बांधलेली काठी. मिरवणुकीत ते गोळे पेटवून गरगर फिरवतात. वस्तादांनी तिचा एक गोळा कापून टाकला होता. उरलेल्या लाल गोळ्याचा गोल फेरा ते त्या माणसाच्या तोंडासमोर धरत, आणि स्वतः गोळ्याकडे न पाहता त्याच्या बुबुळांकडे पाहत. चांगल्या डोक्याचा डोळा गोळ्याला चिकटून जातो, कारण गोळा पुढं कुठं येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. मार बसलेल्या डोक्याचा हा हिशेब चुकतो. डोळा मागं राहतो आणि मग उडी मारून गोळ्याला गाठतो, किंवा उगाच पुढं पळतो. ते एक अडखळणं दिसलं की एकवीस दिवस हौद्यात पाय नाही. मिरवणूक असो, दंगल असो, घरचं लग्न असो.

"बरं वाटते का?" असं ते कधी विचारत नसत. कुणी आपणहून "बरं आहे वस्ताद" म्हणालं की कानफटात बसायची. त्यांचं म्हणणं होतं, पैलवान मरताना बी बरं आहे म्हणते, त्याच्या तोंडाले काय विचारायचं?

एकदा शेजारच्या बोळातला एक माणूस बायकोला लाकडाने मारत होता. डोमाजी गेले, त्याला केसांना धरून बाहेर ओढलं आणि भर दुपारी सगळ्यांसमोर असा तुडवला की त्याची एक बरगडी मोडली. मग त्याचं डोकं दगडी पायरीवर आपटलं म्हणून त्यालाच खांद्यावर टाकून आखाड्यात आणलं, खांबाला टेकवलं आणि बनेटी फिरवली. डोळा अडखळला. वस्तादांनी शिक्षा दिल्यासारखं सांगितलं, "एकवीस दिवस घरी पडून राहा. काम नाई, दारू नाई." त्याची बायको पदराने कपाळाचं रक्त पुसत उभी होती. ती म्हणाली, "वस्ताद, तुमी मारलं ते चांगलं केलं. पन आता एकवीस दिवस हा घरातच बसन, त्याचं मी काय करू?" मग रोज संध्याकाळी डोमाजी तिच्या दारात पायरीवर जाऊन बसत, आतला माणूस उठला का ते पाहत. एकवीस दिवस बसले.

बनेटी फिरवायची त्यांची एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून विचित्र वाटली होती. ती ते आधी सुलटी फिरवत आणि मग उलटी. दुसऱ्या कुठल्याही आखाड्यात हे चालत नव्हतं. खेळात बनेटी कशीही फिरते, पण माणसाच्या तोंडासमोर फिरवली की ते ओवाळणं झालं, आणि ओवाळणं सुलटंच. दर शनिवारी मारुतीसमोर सगळ्या गड्यांची नजर अशी पाहायची, ही जुनी रीत. उलटा फेरा फक्त मसणात, चितेभोवती. पुढं ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्या नथ्थूची आई एकदा आखाड्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"वस्ताद, माह्या पोराले जितेपनीच मसनात नेता काय?"

"हाव वं," डोमाजी म्हणाले. "नेतो. आणि वापस बी आणतो."

ती गेल्यावर मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ वामन. या आखाड्यात त्याच्यासारखा गडी झाला नाही. सरावात डोमाजींचीच लाठी त्याच्या कानशिलावर बसली. तेव्हा तेही सुलटीच बनेटी फिरवत. वामनचा डोळा सरळ गेला, एकदाही अडखळला नाही. आठव्या दिवशी त्याला कुस्तीला सोडलं. समोरच्याचा नुसता कोपर लागला, आणि वामन मातीत पडला तो उठला नाही.

"मडकं खांद्यावर घेऊन त्याच्याभोवती उलटा फिरून राहिलो होतो, डॉक्टरसाहेब. तिसऱ्या फेऱ्याले माह्या टाळक्यात आलं. पाच वर्साचा होता तवापासून दर शनिवारी मी त्याले सुलटाच फेरा दाखवला. तो त्याले पाठ होता. डोळे मिटून बी चालला असता. हा फेरा मी त्याले दाखवलाच नव्हता." एवढं बोलून ते उठले आणि एका पोट्ट्याला कारण नसताना दोन लाथा घातल्या. मी मान खाली घातली. मला रडू येत होतं, आणि त्या आखाड्यात रडायची सोय नव्हती.

याच सुमाराला आमच्या विभागात एक यंत्र आलं. डोळ्यांच्या कडांना तारा चिकटवायच्या, समोर एक दिवा डावीकडून उजवीकडे आणि परत सरकवायचा, आणि डोळा कसा गेला त्याची रेघ लेखणी कागदावर ओढत जाते. चक्कर येणाऱ्या रुग्णांसाठी ते मागवलेलं होतं. मी मात्र त्यावर वस्तादांच्या पैलवानांची डोकी तपासायला लागलो. निरोगी डोळ्याची रेघ लाटेसारखी गुळगुळीत, मार बसलेल्याची पायऱ्या-पायऱ्यांची. डोमाजींनी एकदा ती रेघ बोटाने चाचपली आणि मान डोलावली. म्हणाले, "मले जे सांगता येत नाई ते हे लिहून देते." त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आता वस्तादाची गरज उरली नाही. हे वाक्य मी आज लिहितो आहे, कारण ते लपवण्यात अर्थ नाही.

नथ्थू हा वस्तादांचा सगळ्यात लाडका गडी, म्हणजे सगळ्यात जास्त मार खाल्लेला. तेवीस-चोवीस वर्षांचा, दरवाजाएवढा. नागपूरबाहेरच्या वाडी गावातल्या ट्रान्सपोर्ट गोदामात पोती उचलणारा एक मल्ल होता, मान दाबून माणसाला तोंडावर आपटण्यात हातखंडा असलेला. त्याच्याशी नथ्थूची कुस्ती ठरली. वाडीवाल्याने मागच्या साली नथ्थूच्या मोठ्या भावाचा जबडा तोडला होता आणि तो भाऊ अजून पातळ वरणावर होता. नथ्थूला त्याला जिंकायचं नव्हतं, मारायचं होतं. कुस्तीला आठ दिवस असताना सरावात नथ्थू डोक्यावर पडला. बनेटी निघाली. सुलटा फेरा साफ गेला. उलट्याला डोळा उजवीकडे खालच्या अंगाला अडकला.

"एकवीस दिवस," वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नथ्थू माझ्याकडे आला. त्याने काहीही लपवलं नाही. "वस्ताद म्हणते उलट्यात अडखळलो. सुलट्यात तं बरोबर हाय ना. तुमची मशीन काय म्हणते, पाहा."

मी तारा लावल्या, दिवा सरकवला. रेघ गुळगुळीत आली, पाठ्यपुस्तकात छापावी अशी. म्हाताऱ्याच्या अंगात वामन भरलाय, दुसरं काही नाही, असं मला वाटलं. मी दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं की डोळ्यांच्या हालचालीत दोष नाही.

कुस्तीच्या दिवशी सकाळी मला आखाड्यात बोलावणं आलं. सगळे गडी उभे होते. नथ्थूने लंगोट कसला होता आणि त्याच्या हातात माझा कागद होता. वस्तादांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कागद बरोबर असन. पन डॉक्टरसाहेब, तुमी याले एकच रस्ता दाखवला. मी बी तेच केलं होतं."

वस्ताद दारात जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

"वस्ताद, हटा," नथ्थू म्हणाला.

"नाई हटत."

"माह्या भावानं सालभर दातानं घास नाई चावला. हटा, नाई तं मी मारीन."

"मार. लाठी घे, हातानं नको. हातानं तुहा राग नाई निघणार."

त्याने खरोखर लाठी उचलली. कुणी हललं नाही. मीही नाही. नथ्थूने लाठी खांद्यावरून आणली आणि पूर्ण ताकदीने मारली. कच्चं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. वस्ताद उंबऱ्यावर आडवे झाले आणि चेंगरलेल्या कानाच्या वरून रक्त पत्र्याच्या भिंतीवर उडालं. पंधरा-वीस गडी नथ्थूवर तुटून पडले. लाथा, बुक्क्या, खांबावर आपटणं. नथ्थू हात वर करत नव्हता. त्या गदारोळात खालून वस्तादांचा आवाज आला. "त्याच्या डोक्याले हात लावाल तं एकेकाचा जीव घेईन."

ते हाताच्या आधाराने उठून बसले. एक डोळा रक्ताने मिटला होता. नथ्थूला त्यांनी जवळ बोलावलं.

"खांद्यावर मारली होती ना गा?"

"हाव, वस्ताद."

"खांदा एवढा मोठा, मी जागचा हललो नाई, आणि डोक्याले काहून लागली?"

नथ्थूने मनगटाने तोंडावरचं रक्त पुसलं. त्याचे ओठ फुटले होते.

"दहा सालात तुहा वार चार बोटं चुकला नाई. आज वीतभर चुकला. तुहा डोळा उशिरा पोचून राहिला, पोट्ट्या. आता तरी समजलं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रिक्षा बोलवा. आधी त्याले घ्या."

सायकलरिक्षात मी दोघांच्या मधे बसलो. एकाच्या डोक्याला माझा रुमाल धरलेला, दुसरा माझ्या खांद्यावर मान टाकून. वाटेत नथ्थू दोनदा ओकला. त्याच दुपारी सर्जनने त्याच्या कवटीला भोक पाडलं आणि आतलं साकळलेलं रक्त काढलं. बाहेर आल्यावर सर्जन मला म्हणाला की त्या दिवशी नथ्थू हौद्यात उतरला असता तर पहिल्या आपटीला गेला असता. माझा कागद कुठंतरी आखाड्याच्या मातीत पडला असेल. तो शोधायला मी गेलो नाही. पोलीस आले तेव्हा वस्तादांनी सांगितलं की आपण खांबावरून पडलो. या वयात खांबावर काय करत होता, असं हवालदाराने विचारलं, तर म्हणाले, "पडून राहिलो होतो."

महिन्याभराने मी त्यांच्या डोळ्यांना तारा लावल्या. या वेळी दिवा गोल फिरवायची सोय केली होती, सुलटा आणि उलटा. सुलट्याची रेघ बरी आली. उलट्याच्या रेघेत पायऱ्या होत्या, प्रत्येक फेऱ्याला, एकाच जागी. कागद हातात घेऊन त्यांनी त्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं.

"हे माहं?"

"हो."

"किती दिवस?"

"एकवीस," मी म्हणालो.

"खोटं बोलता," ते म्हणाले. या वेळी थापडेचं नाव काढलं नाही.

ते अडखळणं गेलं नाही. लाठी त्यांनी पुन्हा हातात धरली नाही. गिरणीतूनही त्यांना घरी बसवलं, कारण सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या चात्यांपुढं त्यांना उभं राहवेना. नथ्थूला कुस्ती कायमची बंद झाली. त्याच्या भावाचं उट्टं तसंच राहिलं. वाडीवाला अजून चांगला धडधाकट आहे असं ऐकतो.

वस्तादांना मी शेवटचं पाहिलं ते नागपंचमीला. दुपारची वेळ, आखाड्याला नवी माती घातलेली. बनेटी आता नथ्थू फिरवत होता. डोक्यावरच्या खुणेवर केस उगवले नव्हते. एकेक गडी खांबाला टेकून बसत होता, सुलटा फेरा, उलटा फेरा, उठ. सगळ्यांच्या शेवटी वस्ताद स्वतःच येऊन बसले. नथ्थू जागीच थांबला.

"फिरव," ते म्हणाले.

नथ्थूने डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली. फेरा लयीत होता. सुलटा झाला. मग त्याने उलटा सुरू केला. एव्हाना मलाही ते दिसायला लागलं होतं. उजवीकडे खालच्या अंगाला म्हाताऱ्याचा डोळा अडकला, गोळा पुढं गेला, आणि डोळा उडी मारून मागून पोचला. पुढच्या फेऱ्याला पुन्हा तेच. हौद्याभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाने ते पाहिलं.

"काय दिसलं गा?" वस्तादांनी विचारलं.

नथ्थूने बनेटी खाली ठेवली. "बरोबर चालला, वस्ताद. बरं आहे."

डोमाजींनी थापड उगारली. पूर्वीसारखीच, मुळापासून आलेली. पण ती नथ्थूच्या गालाला चुकवून वीतभर बाजूने चालली होती, आणि ते त्यांना सोडून आम्हा सगळ्यांना दिसत होतं. नथ्थूने मान वाकवली आणि हात जिथं येणार होता तिथं आपला गाल नेऊन ठेवला.